‘माती तर वाहणारच’ : बेरिलियम-10चा हिशोब काय सांगतो

“मातीची धूप काही आजची नाही. डोंगर झिजतात, माती वाहते, लाखो वर्षं हेच चाललंय. हजारो वर्षांपूर्वी मोजायला कोण होतं? मग शेतीमुळे धूप वाढली हे कशावरून? आणि गेली तरी खालून नवी तयार होतेच की!” मातीचा विषय निघाला की या आशयाचा मजकूर हमखास फिरतो. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या आडोशानं पुढची सगळी खपून जातात.

‘मोजायला कोण होतं?’ हा त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा. मोजणी वाळूच्या कणातच होत होती. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात वेगवान न्यूट्रॉन तयार होतात. त्यातले काही जमिनीपर्यंत पोचून क्वार्ट्झमधल्या (वाळूत भरपूर आढळणाऱ्या खनिजातल्या) ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात, ते अणू फुटतात आणि बेरिलियम-10, म्हणजे बेरिलियम या मूलद्रव्याचा एक किरणोत्सारी प्रकार, तयार होतं. प्रमाण अगदी नगण्य : समुद्रसपाटीला, ध्रुवांकडच्या अक्षांशांवर एक ग्रॅम क्वार्ट्झमध्ये वर्षाला जेमतेम चार अणू. शिवाय खडकात साधारण 60 सेंटिमीटर खोल गेलं की हा मारा जवळपास एक-तृतीयांशावर येतो. म्हणजे जमीन सावकाश झिजत असेल, तर खालचा कण वर येईपर्यंत त्यात भरपूर अणू साठतात. भराभर झिजत असेल, तर साठायला वेळच मिळत नाही. अणू मोजले की झिजेचा दर निघतो. हे गणित पक्क्या पायावर उभं करणाऱ्यांत भारतीय भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्र लाल यांचं नाव अग्रभागी आहे; त्यांचा 1991चा शोधनिबंध आजही या क्षेत्राचा पाया आहे.

आणि हा दर म्हणजे काही दोन-चार पावसाळ्यांची सरासरी नसते. 60 सेंटिमीटर झिजायला जेवढा काळ लागतो, तेवढ्या काळाची असते. वर्षाला 0.06 मिलिमीटर झीज असेल तर 10 हजार वर्षांची. म्हणूनच नांगर येण्याआधीचा दर त्यातून वाचता येतो. (बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, क्वार्ट्झ जवळपास नसतंच, तिथे हेलियम-3 किंवा क्लोरीन-36 वापरावं लागतं. ही मर्यादा खरी, पण तिच्यामुळे बाकीची मोजमापं खोटी ठरत नाहीत.)

‘डोंगर झिजतातच’ यावर वादच नाही. हिमालयासारख्या वाढत्या पर्वतात काही ठिकाणी वर्षाला मिलिमीटरच्या घरात नैसर्गिक झीज होते. पण तिथल्या उभ्या कड्याचा आकडा सपाट शेताच्या समर्थनाला आणणं ही शुद्ध दिशाभूल आहे. तुलना त्याच जमिनीच्या आधीच्या दराशी व्हायला हवी. श्रीलंकेच्या मध्यवर्ती डोंगराळ भागात नेमकी तीच झाली. भरपूर पाऊस, तीव्र उतार, तरीही बेरिलियमवरून निघालेला नैसर्गिक दर वर्षाला चौरस किलोमीटरमागे फक्त 13 ते 30 टन. शेतीखाली गेलेल्या खोऱ्यांतल्या नद्या मात्र 130 ते 2100 टन गाळ वाहून नेत होत्या. पाऊस तोच, उतार तोच. झाडी गेली होती.

‘शेतीमुळे वाढली हे कशावरून?’ याचं आणखी थेट उत्तर अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे मध्य-पश्चिम भागात मिळतं. कधीच न नांगरलेल्या गवताळ तुकड्यांतल्या मातीवरून काढलेला शेतीपूर्व दर, मध्यक (सगळे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) काढला तर, वर्षाला 0.04 मिलिमीटर. लगतची शेतं या तुकड्यांपेक्षा किती खचली आहेत हे मोजल्यावर शेतीच्या काळातला दर निघाला वर्षाला सुमारे 1.8 मिलिमीटर. म्हणजे चाळीस पटींहून जास्त! याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, तिथे ‘सहन होण्याजोगी’ मानलेली धूपच वर्षाला साधारण 1 मिलिमीटर आहे. नियम पाळूनही माती निसर्गाच्या पंचवीसपट वेगानं घालवता येते.

‘खालून नवी तयार होतेच.’ होते, पण किती? कॅलिफोर्नियातल्या टेनेसी व्हॅलीत बेरिलियम-10 आणि तसंच तयार होणारं अ‍ॅल्युमिनियम-26 वापरून हे तपासलं गेलं (1997). मातीचा थर जाड असेल तितका खालचा खडक हळू सुटतो. माती नसल्यातच जमा असेल तिथेही कमाल दर वर्षाला 0.08 मिलिमीटरच्या आसपास. जागा वेगळी आहे हे मान्य, पण 1.8शी तुलना करून पाहा. शिवाय खालून येतो तो झिजलेला खडक. वरून गेलेली काळी, सेंद्रिय द्रव्यानं भरलेली माती तशी परत येत नाही.

उलट टोकाचा, ‘जगातली माती आता आणखी 60च हंगाम पुरेल’ हा दावाही टिकत नाही. 2020मध्ये जगभरच्या नोंदी तपासल्या तेव्हा मातीचं आयुष्य जागोजागी फारच वेगवेगळं निघालं; सगळ्या जगाला लागू पडेल असा एक आकडा नाहीच. शेतीत एवढी धूप अटळ आहे, हेही मोजमापं खोडून काढतात. 2007च्या एका व्यापक संकलनात नेहमीच्या नांगरटीखालची धूप माती तयार होण्याच्या वेगापेक्षा दहा ते शंभर पट भरली, तर विनानांगरणी शेतांतली त्या वेगाच्या बरीच जवळ आली.