‘ताप उतरला की धडधडही जाते’: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अशा कारणासाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या ईसीजीवर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, म्हणजे अलिंदांची, अनियमित थरथर) हे शब्द उमटले की नातेवाइकांच्या फोनवर एक सल्ला हमखास येऊन पोहोचतो. त्याचा आशय असा: ही धडधड आजारामुळे आलेली असते आणि आजारासोबत कायमची जाते, तोवर डॉक्टरांनी ठोके ताबडतोब ताळ्यावर आणावेत, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांच्या नादी लागू नये, ॲस्पिरिन पुरते, आणि नाडी नियमित झाली की तीही बंद करावी. घाबरून जाऊ नये, हा त्यामागचा सूर मला मान्य आहे. सल्ला मात्र मान्य नाही.

‘आजारासोबत कायमची जाते.’ यातले अर्धे खरे आहे. ताप, रक्तातील ऑक्सिजनची किंवा पोटॅशियमची कमतरता, थायरॉईडचा अतिरेक, मद्यपान, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी यांपैकी काहीही हृदयाची लय बिघडवू शकते आणि कारण दूर झाल्यावर अनेकांची लय आपोआप पूर्ववत होते. परंतु ‘कायमची’ या शब्दाला आधार नाही. कॅनडातील ओंटारियो प्रांतात रुग्णालयातील मुक्कामातच पहिल्यांदा फिब्रिलेशन आढळलेल्या 139 रुग्णांना घरी गेल्यावर दोनदा, प्रत्येकी 14 दिवस, ईसीजीचे यंत्र लावून पाहिले, तेव्हा वर्षभरात सुमारे 33 टक्क्यांमध्ये ते पुन्हा सापडले. तशाच कारणांनी दाखल झालेल्या, पण लय न बिघडलेल्या रुग्णांत हे प्रमाण 5 टक्के होते. हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. वयाने आणि वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने ताणलेल्या अलिंदाचा दोष आधीपासून असतो; न्यूमोनिया अनेकदा तो फक्त उघडा पाडतो.

‘ठोके ताबडतोब ताळ्यावर आणावेत.’ जंतुसंसर्गाने खंगलेल्या रुग्णाची मिनिटाला 130 ठोक्यांची गती बऱ्याच अंशी शरीराची धडपड असते. ती औषधाने एकदम दाबली तर रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून आधी प्रतिजैविक, सलाईन, ऑक्सिजन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांकडे लक्ष द्यावे लागते. गती 80 च्या खाली आणण्याचा हट्टही अनाठायी आहे: कायमस्वरूपी फिब्रिलेशन असलेल्या 614 रुग्णांवरील 2010 च्या ‘रेस-2’ चाचणीत विश्रांतीच्या वेळी 110 पेक्षा कमी हे सैल उद्दिष्ट कडक उद्दिष्टापेक्षा उणे ठरले नाही. अशक्त हृदयाच्या रुग्णाला डिल्टियाझेम हे ठोक्यांची गती कमी करणारे औषध देणे तर टाळायलाच हवे. लय बिघडल्यामुळेच रक्तदाब ढासळत असेल किंवा फुप्फुसात पाणी भरत असेल, तर मात्र लय पूर्ववत करण्यासाठी विजेचा झटका देण्यात वेळ दवडू नये. एरवी फिब्रिलेशन 48 तासांहून जुने असेल किंवा कधी सुरू झाले हेच ठाऊक नसेल, तर झटक्यापूर्वी तीन आठवडे रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते, अथवा अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून गुठळी नसल्याची खात्री करावी लागते.

‘ॲस्पिरिन पुरते.’ या सल्ल्यातले सर्वांत घातक वाक्य हेच. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदाच्या कानासारख्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी धरते. ती मुख्यतः फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांची, असते, तर ॲस्पिरिन प्लेटलेटवर काम करते. ॲपिक्साबॅन हे रक्त पातळ करणारे औषध आणि ॲस्पिरिन यांची तुलना करणाऱ्या 2011 च्या ‘ॲव्हेरोज’ चाचणीत पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळी अडकण्याचे वार्षिक प्रमाण ॲस्पिरिन घेणाऱ्यांत 3.7 टक्के, तर ॲपिक्साबॅन घेणाऱ्यांत 1.6 टक्के निघाले आणि गंभीर रक्तस्रावात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे ॲस्पिरिन ‘सौम्य’ म्हणून निवडणाऱ्याच्या पदरी रक्तस्रावाचा धोका जवळपास तेवढाच पडतो, संरक्षण मात्र फारच थोडे मिळते. हे आकडे प्रस्थापित फिब्रिलेशन असलेल्यांचे आहेत, त्यामुळे तापात एकदाच लय बिघडलेल्या प्रत्येकाला ते सरसकट लावता येणार नाहीत. वय, मधुमेह, रक्तदाब, हृदयाची दुर्बलता, पूर्वीचा पक्षाघात यांचा हिशेब मांडूनच रक्त पातळ करणारे औषध द्यायचे की नाही हे ठरवावे लागते. डेंग्यूत प्लेटलेट घसरलेल्या किंवा पोटातून रक्त जाणाऱ्या रुग्णाला ही औषधे त्या दिवसांत थांबवणेच शहाणपणाचे. आपल्याकडे अजून दिसणाऱ्या, संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या रुग्णांची गोष्ट निराळी आहे: 2022 च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत त्यांच्यासाठी रिव्हारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या औषधापेक्षा जुन्या वॉरफरिनच्या गटातील औषधेच सरस ठरली. वॉरफरिन स्वस्त आहे. त्रास आहे तो वारंवार ‘आयएनआर’ (रक्त किती पातळ झाले हे सांगणारा आकडा) तपासण्याचा, आणि खेड्यातल्या रुग्णासाठी तो खरोखरच मोठा आहे.

‘नाडी नियमित झाली की बंद.’ चार हजारांवर रुग्णांच्या ‘अफर्म’ चाचणीत (2002) बहुतेक पक्षाघात वॉरफरिन थांबवल्यानंतर किंवा आयएनआर अपुरा असताना झाले, लय टिकवण्याचे उपचार घेणाऱ्यांतसुद्धा. म्हणून घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर ‘फिब्रिलेशन आढळले’ ही नोंद, गोळी सुरू किंवा बंद ठेवण्याचे कारण आणि पुन्हा ईसीजी काढण्याची तारीख या तीन गोष्टी लिहून मागाव्यात. पुढच्या वेळी रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यावरूनच कळेल की ही धडधड पहिली नाही.