बिनपाण्याची हजामत

माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटे वर, काडेपेटीच्या आकाराचा एक चौकोन सध्या पूर्णपणे केशविरहित आहे. गेले चार दिवस तेथे खुंट फुटत आहेत, खुंटांमुळे खाज सुटते, आणि खाज सुटली की मला ते गृहस्थ आठवतात. ते न्हावी नव्हते, शल्यविशारद नव्हते, आणि आमचे काही जुने वैरही नव्हते. ते संग्राहक होते.

माझा मेहुणा टॅक्टिकल चाकू जमवतो. हाताने घडवलेल्या चाकूंच्या प्रदर्शनाला त्याच्यासोबत कोणी जावे, हा निर्णय घरात झाला तेव्हा मी अंघोळ करीत होतो. एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

दारावर एका स्वयंसेविकेने माझ्या मनगटाभोवती प्रवेशाचा प्लास्टिकचा पट्टा गुंडाळला आणि त्याचे बटण खटकन दाबले. त्यात मनगटावरचे तीन-चार केसही अडकले. पट्टा जरा घट्ट झाला आहे, असे मी म्हणालो, तेव्हा तिने हसतमुखाने सांगितले की, हा पट्टा दुसऱ्या कोणाला देता येऊ नये म्हणून त्याचे बटण एकदा लागले की उघडत नाही, तो कापावाच लागतो. मी समोरच्या सभागृहाकडे पाहिले. टेबलांमागून टेबले, प्रत्येक टेबलावर काळी मखमल आणि मखमलीवर ओळीने मांडलेली पाती. कापण्याची चिंता करावी अशी ही जागा नव्हे, असे माझे प्रामाणिक मत झाले. मेहुणा तोवर एका नामांकित कारागिराच्या टेबलापाशी चिठ्ठी टाकण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. ज्या कारागिराचे दोन-चारच चाकू विक्रीला असतात आणि घेणारे ढीगभर असतात, तेथे नावांच्या चिठ्ठ्या काढतात. ज्याचे नाव निघेल त्याला पैसे देण्याचा मान मिळतो.

आत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मी एक अपराध केला. एका पात्यावर बोट फिरवले. टेबलामागचा कारागीर काही बोलला नाही. त्याने पिवळ्या फडक्याने माझ्या अंगठ्याचा ठसा पुसला, फडक्याची घडी बदलली, पुन्हा पुसले, पाते दिव्याखाली तिरके धरून पाहिले आणि तिसऱ्यांदा पुसले. घामातल्या क्षाराने पोलाद गंजते, हे मला ठाऊक आहे. पण माझा अंगठा म्हणजे समुद्र नव्हे. मग शेजारच्या सद्‌गृहस्थाने हळू आवाजात नियम सांगितले. विचारल्याशिवाय उचलायचे नाही, उचलल्यास मुठीला धरायचे, परत देताना मूठ समोरच्याकडे करायची, घडीचा चाकू विचारल्याशिवाय झटका देऊन उघडायचा नाही, आणि धार किती आहे हे बोटाने तर मुळीच पाहायचे नाही. मग ती कशी पाहायची, हे मला पुढे कळणार होते.

टॅक्टिकल म्हणजे नेमके काय, हे मी तीन टेबलांवर विचारले आणि मला चार उत्तरे मिळाली. माझ्या समजुतीप्रमाणे, जो चाकू चमकत नाही तो टॅक्टिकल. पाते करडे किंवा काळे, मूठ टायटॅनियमची, नाहीतर काचेचे कापड राळेत भिजवून दाबलेल्या जी-टेनची, नाहीतर मायकार्टाची. मायकार्टा म्हणजे कापडाचे वा कागदाचे थर राळेत घट्ट बसवून केलेला पदार्थ, जो घासल्यावर जुन्या गोणपाटासारखा दिसतो आणि त्याची किंमत ऐकल्यावर गोणपाटाबद्दलचा आदर वाढतो. शिवाय असा चाकू एका हाताने उघडता आला पाहिजे. १९८१ साली स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने पात्याला गोल भोक पाडले आणि मुठीला खिशाच्या काठावर अडकवायची क्लिप लावली, तेव्हापासून अंगठ्याने चाकू उघडण्याची सोय रूढ झाली. दुसरा हात मोकळा राहिला पाहिजे, कारण त्या हाताने माणूस दोराला लोंबकळत असेल, किंवा जखमी सहकाऱ्याला ओढत असेल. माझा दुसरा हात बहुधा पिशवीत अडकलेला असतो. परंतु तत्त्व मला पटले.

तासाभराने मनगट दुखू लागले. पट्ट्याच्या वर आणि खाली हात दोन वेगळ्या रंगांचा दिसू लागला. तेव्हा माझी दृष्टी त्या गृहस्थांवर पडली.

त्यांच्या विजारीला मी मोजले तेव्हा आठ खिसे होते, आणि त्यांपैकी पाचांच्या काठावर चाकूची क्लिप दिसत होती. कमरेला एक म्यान होते. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या, आणि दोन्ही हातांवर ठिकठिकाणी केस नसलेले चौकोन होते. मला आधी वाटले की हा एखादा त्वचारोग असावा, आणि मी किंचित मागे सरलो. पण अशा सुसज्ज माणसाशिवाय दुसऱ्या कोणाकडे मदत मागावी? मी पट्टा पुढे करून म्हणालो, "साहेब, एवढा जरा कापून देता का?"

त्यांचा चेहरा उजळला. वर्षानुवर्षे ज्या हाकेची वाट पाहावी ती अखेर आल्यासारखे त्यांनी माझे मनगट दोन्ही हातांत घेतले, पट्टा बोटाने चाचपला आणि गंभीरपणे विचारले, "किती वेळ झाला?"

"तासभर."

"बोटे हलतात?"

मी हलवून दाखवली. त्यांनी उजव्या खिशातून चेनची एक लहान पिशवी काढली, पिशवीतून मऊ कापड, आणि कापडातून घडीचा चाकू. तो सेबेंझा होता. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या ख्रिस रीव्ह यांची ही निर्मिती. त्याआधी मायकल वॉकर या अमेरिकी कारागिराने रूढ केलेल्या लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या बुडाशी टेकून त्याला अडवीत असे; रीव्ह यांनी ती पट्टी काढून टाकली आणि टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग अडसरासारखा केला. हे सारे मला त्याच वेळी सांगण्यात आले. चाकू माझ्या कानाशी उघडून मिटून त्याचा आवाजही ऐकवण्यात आला. "बँकेच्या तिजोरीचे दार ऐकले आहे कधी?" त्यांनी विचारले. मी बँकेत पासबुक भरून घेण्यापुरताच जातो.

"सुंदर," मी म्हणालो. "आता पट्टा?"

"याने?" त्यांनी चाकू छातीशी धरला. "हा अजून एकदाही कापलेला नाही."

म्हणजे त्याने एकदाही काही कापलेले नाही, असे त्यांना म्हणायचे होते. पट्ट्याला डिंक असतो, डिंक पात्याला लागतो, तो काढायला रसायन लागते, आणि मग तो चाकू न वापरलेला राहत नाही. माझ्या पट्ट्याला डिंक नव्हता, बटण होते. हे मी दाखवून दिले, तेव्हा ते म्हणाले की प्लास्टिक तर डिंकापेक्षा वाईट, त्याने ओरखडे पडतात. सेबेंझा या झुलू शब्दाचा अर्थ 'काम' असा आहे, ही माहितीही त्यांनीच पुरवली, आणि ती पुरवताना त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

दुसऱ्या खिशातला चाकू बाजाच्या नखासारखा वाकडा होता. त्याच्या मुठीच्या टोकाला बोट घालायची कडी होती. तो केवळ आपल्या बाजूला ओढून चालवायचा असतो, त्यामुळे माझा पट्टा कापण्यासाठी मी त्यांच्या शरीराच्या आत उभे राहणे आवश्यक होते. तिसऱ्याचे पाते मॅग्नाकट नावाच्या पोलादाचे होते, ते २०२१ साली बाजारात आले आणि ते सहसा गंजतही नाही व तुटतही नाही. "मग याने कापू या!" मी आशेने म्हणालो. "नाही, याचा कारागीर आता नव्या मागण्या घेत नाही," ते म्हणाले. चौथा विकायला आणला होता. पाचवा मात्र, त्यांच्याच शब्दांत, रोजच्या वापराचा होता. मी हात पुढे केला. त्यांनी खिशातून कोऱ्या कागदाचा तुकडा काढला, हवेत धरला आणि त्याच्या इतक्या बारीक झिरमिळ्या कापल्या की माझ्या तोंडून नकळत वाहवा निघाली. चाकू पुसून त्यांनी तो पुन्हा खिशात ठेवला. रोजचा वापर संपला होता.

"आणि कमरेचा?" मी विचारले.

"तो आणीबाणीसाठी आहे."

मी माझा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तो काळजीपूर्वक पाहिला. "तुम्हाला बोटे हलवता येतात," ते म्हणाले, आणि मग थोड्या कीवेने, "पण तुम्ही चाकूंच्या प्रदर्शनाला चाकू न घेता आलात कसे?"

याच क्षणी मी निघून जायला हवे होते. परंतु मी चिडून म्हणालो की, साहेब, यातल्या एकाला तरी धार आहे की नाही याचीच मला शंका येते. एखाद्याला धारेवर धरायचे तर त्याच्या कमरेला म्यान नाही, एवढे तरी आधी पाहावे. त्यांनी शब्दही न बोलता आणीबाणीचा चाकू उपसला, माझा हात आडवा धरला आणि पट्ट्याच्या चार बोटे वर, पाणी नाही, साबण नाही, दोन फटक्यांत काडेपेटीएवढी जागा साफ केली. कातडीला ओरखडा नाही, थेंबभर रक्त नाही. माझे केस पात्यावर साचले होते, ते त्यांनी फुंकरीने माझ्याच बुटांवर उडवले. "केसाने धारेला काही होत नाही," असे म्हणून त्यांनी पाते म्यानात सारले आणि ते पुढच्या टेबलाकडे निघून गेले. त्यांच्या हातांवरच्या चौकोनांचा उलगडा मला झाला तो असा.

विनोद बाजूला ठेवून सांगतो, मला याचा राग आला, आणि तो केवळ केसांचा नव्हता. त्याच सभागृहात मी एका लोहाराशी बोललो होतो. अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेल्या लोहारांच्या संघटनेची परीक्षा त्याने दिली होती. तिथे आपण घडवलेल्या एकाच चाकूने आधी एक इंच जाडीचा लोंबता दोर एका फटक्यात तोडायचा, मग लाकडाची जाड पट्टी दोनदा छाटायची, मग त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी पाते पकडीत धरून काटकोनात वाकवायचे. त्या माणसाच्या नखांत काजळी बसली होती आणि अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग होता. इतका जीव ओतून घडवलेली वस्तू पुढे कापडात, कापडातून पिशवीत आणि पिशवीतून तिजोरीत जाते आणि भाव वाढला की दुसऱ्या तिजोरीत जाते, हे त्याला चालते का, असे मी विचारले होते. "कापणारे गिऱ्हाईक परत येत नाही," तो म्हणाला, "त्याला एकच पुरतो." यावर मला काही बोलता आले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही.

जाताना मी दारावर कात्री मागितली. सुरक्षेच्या कारणास्तव टेबलावर कात्री ठेवत नाहीत, असे उत्तर मिळाले.

पट्टा घरी येऊन नेलकटरने काढला. अकरा चावे लागले. त्या रात्री खाजेमुळे झोप येईना म्हणून वाचत पडलो असता एक सुखद गोष्ट हाती लागली. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ असतो, तरी तो पात्याखाली विशिष्ट प्रकारे वाकला आणि धारेच्या त्या जागी पोलादाची घडण थोडी असमान असली, तर एकटा केसही धारेचा टवका उडवू शकतो, असे एमआयटीतील संशोधकांनी २०२० साली दाढीच्या पात्यांवर प्रयोग करून दाखवले आहे. केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार मी आजवर विश्वासघातापुरताच वापरत होतो. त्या गृहस्थांचे नाव-गाव विचारून घेतले नाही, याची मला फार हळहळ वाटली. आणीबाणीचा तो चाकू भिंगाखाली धरून पाहा, एवढेच मला त्यांना कळवायचे होते.

मेहुण्याचे नाव चिठ्ठीत निघाले होते. ठसे उमटतील या भीतीने त्याने खोका तिथे उघडलाच नाही, चिकटपट्टीने चहूबाजूंनी बंद केलेला तसाच घरी आणला. काल संध्याकाळी तो खोका मांडीवर घेऊन बराच वेळ बसला, कडा चाचपून पाहिल्या, चिकटपट्टीचे टोक नखाने उचकटण्याचा प्रयत्न केला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भाऊजी, तुमचं ते नेलकटर जरा देता का?"