पहाटेची डब्यांची यादी उशिरा मिळाल्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून माफी मागतो. त्या दिवशी कुणाला डबा हवा, कुणाला नको याची आमच्या ॲपवर सोमवारी पहाटे साडेचारला यायची यादी तुम्हाला पावणेआठला दिसली, तोवर 'आज नको' कळवलेल्या बारा जणांचेही डबे भरून झाले होते आणि ते अन्न वाया गेलं, असं तुम्ही लिहिलंय. बारा डबे गेले की त्या दिवशी हातात काय उरतं हे मला कुणी सांगायला नको. माझी आई नौपाड्यात पोळीभाजीचे डबे करते, हे ॲप आधी तिच्यासाठीच केलं होतं. तुम्ही एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण 'वेळ सांगतात आणि पाळत नाहीत, पैसे उकळायचा धंदा आहे' हे वाक्य फार लागलं. म्हणून वेळेबद्दल जरा सविस्तर लिहितो.

तुमचे बरेच डबे ऐरोली-महापेच्या कंपन्यांत जातात. तिथे नाइट शिफ्टवाले असतात, म्हणून ग्राहकांना पहाटे चारपर्यंत नको कळवता येतं. चारला सर्व्हरवर यादी पक्की होते. त्या दिवशीही झाली होती, नोंद आहे. साडेचारला ती तुमच्या फोनवर गजरासकट यायला हवी होती.

आता फोनचं असं आहे की चार्जिंगला न लावता, स्क्रीन बंद करून एका जागी ठेवला की थोड्या वेळाने अँड्रॉइड डोझमध्ये जातो. बॅटरी वाचवण्यासाठी २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ पासून ही सोय आली. मग ॲपची मागची कामं थांबतात, अधूनमधून थोडा वेळ चालू दिली जातात. वर्कमॅनेजर नावाच्या नेहमीच्या पद्धतीत पुन्हापुन्हा करायचं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतरावर लावताच येत नाही, आणि १५ लावलं तरी नेमक्या मिनिटाला होईल अशी हमी नसते. हे माहीत असल्यामुळेच यादी आम्ही त्या पद्धतीवर सोडलेली नाही. घड्याळाच्या गजराचा असतो तसा पक्का अलार्म लावतो, तो डोझमध्येही वाजतो. त्यासाठी 'अलार्म आणि रिमाइंडर'ची परवानगी लागते. अँड्रॉइड १४ वर नव्याने टाकलेल्या ॲपला ती आपोआप मिळत नाही, म्हणून आम्ही पहिल्याच स्क्रीनवर मागतो. तुम्ही ती दिली होती. शिवाय सर्व्हरवरून तातडीचं नोटिफिकेशनही जातं.

इतकं करूनही एका गोष्टीपुढे आमचं काही चालत नाही, ती म्हणजे फोर्स स्टॉप. सेटिंगमध्ये जाऊन ॲप तसं बंद केलं की लावलेले सगळे अलार्म रद्द होतात, सर्व्हरचं नोटिफिकेशनही पोचत नाही, आणि पुन्हा कुणी हाताने ॲप उघडेपर्यंत ते तसंच पडून राहतं. काही फोनमध्ये तर रिसेंटमधून, म्हणजे नुकतीच वापरलेली ॲप दिसतात तिथून, नुसतं सरकवलं तरी हेच होतं. फोन फास्ट व्हावा म्हणून भाचा रोज रात्री सगळी ॲप फोर्स स्टॉप करून देतो, हे तुम्हीच आम्हाला फोनवर सांगितलंत. पावणेआठला तुम्ही ॲप उघडलंत आणि लगेच यादी आली, ती यामुळेच. यात वेळ आम्ही कुठे मोडली, तुम्हीच सांगा.

आणखी एक. त्या दिवशी तुमचा फोन आला तो माझ्या बहिणीने घेतला होता. ती तुम्हाला बॅटरीचं सेटिंग उघडायला सांगत होती, तर तुम्ही 'मला शिकवू नका' म्हणून तिला नको ते बोललात. तुम्ही संतापात होतात, समजू शकतो. पण वागळे इस्टेटमधल्या एका खोलीत आम्ही दोघंच हे चालवतो, पहाटे चारला यादी झाली की नाही हे तीच रोज उठून बघते. महिन्याला १४९ रुपयांत कुणाला उकळून आम्ही बंगला बांधणार नाही. हा रिव्ह्यू आल्यापासून कळव्यातल्या दोन पोळीभाजी केंद्रांनी 'नंतर बघू' म्हटलंय.

या महिन्याचे पैसे आजच परत पाठवतो. ॲप बंद पडलेलं असेल तर सर्व्हरकडून एसएमएस जावा अशी सोयही करतोय. एसएमएसचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, ते झालं की लवकरच सुरू करू. तोवर रात्री फोन चार्जिंगला लावून ठेवा, बॅटरीच्या सेटिंगमध्ये आमच्या ॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, आणि भाच्याला सांगा, बाकी काय हवं ते बंद कर, एवढं एक ॲप राहू दे. जमत नसेल तर दुपारी डब्यांची गडबड संपल्यावर कळवा, मी स्वतः कळव्याला येऊन सेटिंग करून देतो. त्यानंतरही यादी चुकली तर हाच रिव्ह्यू खुशाल पुन्हा टाका, मी उत्तर देणार नाही.