उन्हानं टायरचा दिवा लागत नाही, राजेहो

उन्हाळा तोंडावर आला की नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘पिकअपच्या मीटरमध्ये टायरचा पिवळा दिवा लागला तर घाबरू नका. नागपूरच्या उन्हात सेन्सर वेडा होतो. टायरमध्ये पाच हवा कमी ठेवा. दिवा गेला नाही तर बॅटरीची वायर काढून लावा, नायट्रोजन भरा. तरीही राहिला तर चारही सेन्सर बदला, नाहीतर दिव्यावर टेप चिकटवा.’

पहिलाच मुद्दा उलटा आहे. हा दिवा हवा कमी झाली की लागतो आणि उन्हात टायरमधली हवा वाढते. तापमान साधारण सहा अंशांनी बदललं की दाब एक पीएसआयनं, म्हणजे पंपावरच्या भाषेत ‘एक हवे’नं, बदलतो. जानेवारीच्या सकाळी १५ अंशांत ३५ हवा भरलेला टायर मे महिन्यातल्या ४५ अंशांत नुसता उभा राहिला तरी ४० दाखवेल. म्हणजे ऊन तर दिवा लागू देत नाही. तरीही भर मे महिन्यात तो लागला असेल, तर हवा खरंच गेली आहे, आणि गेज दाखवतंय त्यापेक्षा जास्त गेली आहे, कारण उरलेल्या हवेला ऊन फुगवतंय. खिळा बघा, व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, रिमची कड बघा. निव्वळ हवामानामुळे दिवा लागायचाच असेल तर तो डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, पारा दहाच्या आसपास असताना लागतो आणि वर्धा रोडवर थोडं अंतर गेल्यावर टायर तापले की आपोआप विझतो. तेव्हाही हवा भरायचीच असते, दिवा विझला म्हणून सोडून द्यायचं नसतं.

आणि सेन्सर उन्हानं वेडा वगैरे होत नाही. तो फिरत्या रिमच्या आत, ब्रेकच्या शेजारी राहण्यासाठीच बनवलेला असतो. बहुतेक सेन्सर सव्वाशे अंशांपर्यंत चालतात.

पाच हवा कमी ठेवायचा सल्ला सगळ्यात घातक. समजा, समृद्धीवरून उतरून शिवमडक्याच्या पुढे पंपावर थांबलात. टायरमधली हवा ६५ अंशांपर्यंत तापली आहे. पंक्चरवाल्याला सांगून ३५ च्या जागी ३० ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ३० अंशांत तोच टायर २५ दाखवेल. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या हलक्या गाड्यांना टायरचा दाब बघून दिवा लावणारी ही यंत्रणा सक्तीची आहे आणि तिथला नियम सांगतो, की ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाला की दिवा लागलाच पाहिजे. ३५ चे २५ टक्के कमी म्हणजे साधारण २६. तुमच्या गाडीची मर्यादा तशीच असेल, तर मेसेजमधला उपाय करूनच दिवा लागेल! त्यात मागे संत्र्याचे क्रेट भरलेले असतील तर कमी हवेचा टायर बाजूनं जास्त दबतो, दर फेऱ्याला वाकतो, त्यानंच तापतो आणि फुटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो आणि पिकअपमध्ये बहुधा रिकाम्या व भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर तेवढी हवा भरा. तापलेल्या टायरमधली हवा काढू नका.

बॅटरीची वायर काढायची कशाला, हे मला तरी कळलेलं नाही. सेन्सरला स्वतःचा सेल असतो. गाडीची बॅटरी काढून त्यात जीव येत नाही, उलट घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग मात्र जातं. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. पैसे देऊन भरलात तर नुकसान नाही, पण बिघडलेला सेन्सर त्यानं सुधारत नाही.

सेन्सर खरंच जातो, हे मान्य. पण त्याची खूण वेगळी असते. किल्ली फिरवल्यावर दिवा मिनिट-सव्वा मिनिट उघडझाप करून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांमध्ये तो यंत्रणेतला बिघाड. पहिल्यापासून स्थिर असेल तर हवा कमी. मेसेजमध्ये नेमका हाच फरक नाही, आणि टेप लावल्यावर तो दिसणारही नाही. उघडझाप दिसली तर आधी आठवा, की स्टेपनी लावली आहे का. तिच्यात बहुतेक वेळा सेन्सर नसतोच. मग मोबाईलचा स्वस्तातला चार्जर आणि डॅशकॅम काढून एक चक्कर मारा. सेन्सर रेडिओ लहरींवर बोलतो आणि अशा वस्तूंचा गोंगाट त्याचा आवाज दाबू शकतो. एवढं करूनही उघडझाप राहिली तरच दुकानात जा. वाडीकडे ट्रान्सपोर्टवाल्यांची कामं करणारी दुकानं आहेत. स्कॅनर असेल तिथे चाकाजवळ धरून एकेक सेन्सर वाचून घ्या. कुठला गप्प आहे ते लगेच कळतं, तेवढाच बदला. सेल साधारण पाच ते दहा वर्षं टिकतो आणि तो बंदिस्त असल्यानं पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. गाडी नऊ-दहा वर्षांची असेल तर बाकीचेही लवकरच जातील, तेव्हा चारही बदलणं शहाणपणाचं. तीन वर्षांच्या गाडीत ती उधळपट्टी. नव्या सेन्सरचा नंबर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये चढवला का, हे विचारून घ्या. काही गाड्या थोडं चालवल्यावर तो स्वतः ओळखतात, काहींना शिकवावा लागतो.

कंपनीची यंत्रणा नसलेल्या मालवाहू पिकअपवर बरेच जण बाहेरून लावायचे टोपीवाले सेन्सर बसवतात. तिथे डिस्प्लेवर एका चाकाच्या जागी नुसत्या रेघा दिसल्या, तर टोपी उघडून आतला बटण सेल बदला. काम भागतं. आणि माल भरल्यावर मागच्या चाकांसाठी डिस्प्ले सारखा ओरडत असेल, तर अनेकदा वरची मर्यादा कारच्या हिशोबानं ठेवलेली असते. ती स्टिकरवरच्या भरलेल्या गाडीच्या आकड्यापेक्षा चांगली वर न्या, म्हणजे टायर तापून वाढलेला दाबही तिच्या आत बसेल.