स्लॅबच्या दिवशी मजुरांची मनं कशी जिंकावीत

नवीनच सुपरवायझर झालात? अभिनंदन! कंपनीने दोन दिवस हॉटेलात बसवून नेतृत्व शिकवलं असेल, पेन आणि फोल्डर दिलं असेल. जेवणात पनीरही होतं म्हणे. आता साइटवर उतरण्याआधी एका सेंटरिंगवाल्या ठेकेदाराचे चार शब्द ऐकून घ्या. पंधरा वर्षं तुमच्यासारख्यांच्याच हाताखाली काढलीत.

आधी हे, की कुणाचंही नाव लक्षात ठेवू नका. 'ए बिगारी' म्हटलं की सगळेच वळून बघतात.

खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाची उचल, रविवारच्या बाजाराआधी द्यायची असते. म्हणून शनिवारी फोन बंद ठेवा.

पाळणाघराची काळजी नको. बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्याने ते पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तरच सांगितलं होतं. हजेरीपटावर पन्नास भरल्या की पेनातली शाई संपू द्या.

आता मुख्य विषय, संवाद. मजुरांशी चार शब्द बोलायला मुहूर्त लागतो, आणि स्लॅब भरण्याइतका चांगला मुहूर्त दुसरा नाही. गेल्या गुरुवारी आमच्या सातव्या स्लॅबला हा सोहळा झाला. साडेनऊला काँक्रीटची गाडी लागली, पंपाचा पाइप जोडून झाला, पोरं नीडल (माल हलवून बसवायचं व्हायब्रेटर) घेऊन तयार, आणि साहेब वर आले. हातात माइक. मागे एक पोरगा बॅनर धरून: 'आपण सारे एक कुटुंब'. 4 मार्चचा सुरक्षा दिन हुकला होता, तो भरून काढायचा होता. काम थांबवा, गोल उभे राहा. बावीस माणसं लोखंडाच्या जाळीवर, उन्हात, पाय कुठे टेकवावा कळत नाही अशी. कोरी हेल्मेटं वाटली. (फोटो झाल्यावर मोजून परत घेतली. एक कमी भरलं, ते माझ्या बिलात.) मग टाळ्या. मग पुन्हा टाळ्या, कारण व्हिडिओ उभा निघाला होता, आडवा हवा होता. पंचावन्न मिनिटं! खाली तीन गाड्या गरगर फिरतायत. प्लांटवर भरलेला माल साधारण दोन तासांत ओतायचा असतो, तयार काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 4926 मध्ये लिहिलंय. आमच्या घमेलेवाल्याला ते न वाचताच कळतं. साहेबांना माहीत नव्हतं असं कोण म्हणतो? माहीत होतं, म्हणून तर तिसऱ्या गाडीत त्यांनी स्वतः पाण्याचा पाइप सोडायला लावला. घट्ट झालंय, जरा ढिलं करा. ड्रायव्हर म्हणाला, चलनावर लिहून द्या. त्याला दम दिला. तरी वरच्या कोपऱ्यात पडलेला माल हलेना. नीडल घातली की भोक पडायचं आणि ते भोक तसंच राहायचं, भरून यायचं नाही. शनिवारी बीमच्या बाजूच्या साच्याच्या प्लेटा काढल्या तर खडी दात विचकून बाहेर.

आणि सोमवारी मला डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याचा कागद. 'निकृष्ट कारागिरी, ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावी.' खाली सही कुटुंबप्रमुखांची! तोपर्यंत कंपनीच्या ग्रुपवर टाळ्यांचा फोटो पडला होता, त्याला अंगठ्यांचा पाऊस.

हसून सांगायचं ठरवलं होतं, आता जमत नाही. साहेब, आता थेट तुम्हालाच बोलतो. माझ्या गँगमध्ये लातूरकडची एक बाई आहे, जिन्याने वाळू चढवते. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. माझ्या सहीला तिथे कोण विचारतो, शिक्का तुमचाच हवा. बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर याच लोकांच्या नावाने भरला जातो, तुमची कंपनीही भरते. नोंदणी झाली तर पोरीच्या शिक्षणाला मदत मिळेल, एवढंच तिचं म्हणणं. तो कागद पाच आठवडे तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. दर सोमवारी ती केबिनबाहेर चपला काढून उभी राहते आणि तुम्ही 'उद्या' म्हणता. त्या अर्ध्या तासाचीही तुम्ही हजेरी कापता. लाज वाटत नाही? बॅनर मात्र एका रात्रीत छापून आला.

ड्रॉवर उघडा. सही करा, शिक्का मारा. आठवा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी वर येऊ नका. यायचंच असेल तर माइक खाली ठेवा, गमबूट घाला आणि नीडल धरा.