शेक फुल्ल, झूम बाहेर, म्हणजे खरं विमान?

आपल्या सोलापूरच्या सिमवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान उडवणाऱ्या पोरांत एक मेसेज लई फिरतोय. कॅमेरा ॲड-ऑन (सिममधलं दृश्य हवं तसं दाखवणारं जादा सॉफ्टवेअर) नसेल तर सिम म्हणजे नुसता गेम, म्हणून महागातला घ्या, शेक (चित्राची थरथर) फुल्ल ठेवा, झूम पूर्ण बाहेर काढा आणि हेड ट्रॅकर (मान वळवली की सिममधली नजर वळवणारा) तर लागतोच. यातलं ट्रॅकरचं अर्धं बरोबर आहे, बाकी सोडा.

शेकचंच घ्या. खऱ्या कॉकपिटमध्ये अंग हादरतं पण बाहेरचं दृश्य तसं हादरत नाही, कारण कानातलं तोल सांभाळणारं यंत्र डोळ्यांना उलट दिशेला फिरवून चित्र स्थिर ठेवतं. स्क्रीनवर मात्र तुम्ही खुर्चीत निवांत आणि चित्रच थरथरतंय, मग खरं काय वाटणार, डोकं दुखतं फक्त. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) आणि चाकं टेकताना थोडा असू द्या, बाकी बंद.

झूम पूर्ण बाहेर काढला की कॉकपिट भारी दिसतं हे मान्य, पण रनवे आहे त्यापेक्षा दूर आणि बारीक दिसतो आणि फ्लेअरचा, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलायचा अंदाज चुकतो. २७ इंची मॉनिटर ६० सेंटीमीटरवर ठेवला तर तो तुमच्या नजरेचा जेमतेम ५३ अंश आडवा भाग व्यापतो, म्हणजे लँडिंगला झूम असा ठेवा की स्क्रीनवर दिसणारा भागही तेवढ्याच अंशांच्या आसपास राहील.

ॲड-ऑनशिवाय व्ह्यू सेव्ह होत नाहीत म्हणे! मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये कंट्रोल-ऑल्ट आणि आकडा दाबला की व्ह्यू सेव्ह, ऑल्ट आणि तोच आकडा दाबला की परत हजर. पैसे भरायच्या आधी हे वापरून बघा की. आणि घ्यायचाच असेल तर आधी कुठल्या सिमसाठी आहे ते बघा, एक्स-कॅमेरा हा ॲड-ऑन फक्त एक्स-प्लेन या सिमला चालतो.

आता ट्रॅकर. होटगी रोडच्या आपल्या विमानतळावर डाव्या सर्किटने (रनवे डावीकडं ठेवून चक्कर मारत) येताना बेसवर, म्हणजे रनवेसमोर यायच्या शेवटच्या वळणाआधी, मान वळवून रनवे शोधावाच लागतो (विमानांच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, तरी नजर तिकडं जातेच), तिथं ट्रॅकरला तोड नाही. पण त्यासाठी ट्रॅकआयआर हा विकतचा ट्रॅकरच पाहिजे असं कुणी सांगितलं? ओपनट्रॅक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या वेबकॅमवर चालतं, फक्त तोंडावर उजेड नीट पाहिजे. ट्रॅकआयआर इन्फ्रारेडवर चालतो, त्यामुळं खिडकीतनं आपलं दुपारचं ऊन कॅमेऱ्यावर आलं की तोही गडबडतो, पडदा लावा. कुठलाही घ्या, मधे थोडा डेडझोन (मान जराशी हलली तरी व्ह्यू हलत नाही असा भाग) ठेवा, नाहीतर मीटर वाचताना सुई कमी आणि व्ह्यूच जास्त हलतो.