होळीनंतर नांदूर मध्यमेश्वर ‘संपतं’ म्हणे!

होळी जवळ आली की नाशिक जिल्ह्यातल्या या पक्षी अभयारण्याबद्दल ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘नांदूर मध्यमेश्वरला आता जाऊ नका. फ्लेमिंगो गेले, पाणी आटलं, उरला नुसता चिखल आणि गवत. त्यापेक्षा गाळ उपसा आणि त्या पडीक जागेवर झाडं लावा.’ यातलं एकच म्हणणं अर्धं खरं आहे, बाकी सगळी ऐकीव बडबड.

फ्लेमिंगो गेले? जाऊ देत की. ते पाहुणेच. पण सगळे पाहुणे एका रात्रीत बोजाबिस्तरा आवरत नाहीत. मार्चमध्ये भुवई बदकं असतात. पाणटिवळे निघण्याआधी विटकरी होऊ लागतात, आणि हिवाळ्यात मळकट दिसणारा पिवळा धोबी हळद लागल्यासारखा उजळतो. डिसेंबरातल्या गर्दीला हे रंग बघायला मिळत नाहीत. शिवाय जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या ही मंडळी इथलीच. त्यांनी जायचं कुठे?

‘पाणी आटलं’ हे तर मला तक्रार म्हणून कळतच नाही. इथला बंधारा गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा. कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं की पातळी उतरते, बेटं उघडी पडतात, आणि त्याच उघड्या जमिनीवर नदीसुरय हा पक्षी अंडी घालतो. घरटं म्हणजे काय, तर वाळूतला एक उथळ खळगा. टिटवीचंही तेच. चार अंडी, निमुळती टोकं आत, रंग असा की दोन हातांवरूनही ढेकळंच वाटावीत. ऊन तापलं की टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली अंड्यांवर येऊन बसते. (टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जोरात, असं आमच्याकडे म्हणतात. त्याची खात्री मी देत नाही.) म्हणजे मेसेजवाल्याला जिथे ‘नुसता चिखल’ दिसतो, तिथे बाळंतपणं चालू असतात.

आता गाळ. बंधाऱ्याची साठवण गाळानं घटली आहे, आणि कालव्याच्या शेपटाला पाण्याची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचा राग खोटा नाही. पण बेटं आणि उथळ डबकी घडली ती याच गाळातून. त्यांच्यामुळेच 1986 साली अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये राज्यातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. शेकाट्याचे पाय कितीही लांब दिसले तरी वीतभरच. सरसकट उपसून पुरुषभर पाणी केलंत तर तो उभा कुठे राहील?

झाडांबद्दल दोनच शब्द. काठाला बाभळी आहेतच. पाणकणसाच्या उंच गवतावरून तरंगत शिकार हेरणाऱ्या दलदली भोवत्याला आणि गवतात घरटं करणाऱ्या चंडोलाला मोकळी जागाच लागते. तिथे ओळीनं रोपं लावलीत तर जमिनीवरची अंडी टिपायला कावळ्याला आयती बैठक मिळेल.

एप्रिलात अभयारण्याच्या काठावरच्या चापडगावला जायचं असेल तर सकाळी सातच्या आत पोचा. निरीक्षण मनोऱ्यावरून बघा, फोटोसाठी चिखलात उतरू नका. आणि टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर आहात तिथेच थांबा, पायाखाली नीट बघा आणि आल्या पावली मागे फिरा.